नानाजींच्या डोक्यातला किरायदार

मी परखी बोलतेय. थांबा, आधी मी म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरांना धान्य दिसतं ते पुड्यात बांधलेलंच. मी वीतभर लांबीची पोकळ नळी. एक टोक तिरपं कापलेलं, अणकुचीदार. दुसरं टोक मोकळं. धान्याच्या गोणीत मला खुपसायचं, जरा कलतं धरायचं, की आतले दाणे माझ्या पोटातून घसरत थेट तळहातावर येतात. गोणी उसवावी लागत नाही. तागाची वीण बोटानं सारखी केली की भोकही बुजतं. त्या मूठभर दाण्यांवर व्यापारी ठरवतो, माल घ्यायचा की सोडायचा. माझं टोक आहे तसंच माझं तोंड आहे, तेव्हा बोलणं लागलं तर राग मानू नका.

मी काही माझी बढाई सांगायला बसले नाही. गेल्या काही महिन्यांत आमच्या मालकांचा स्वतःवरचा भरवसा पार उडाला. मी रोज त्यांच्या खिशात होते. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण दाणे ओकण्यापलीकडे मला काही बोलता येत नाही, आणि त्या दिवसांत माझा नुसता जीव टांगणीला लागला होता.

माझा जन्म इतवारी बाजारातल्या एका बोळात झाला, शालिकराम लोहाराच्या भट्टीवर. तापवून, ठोकून, वळवून त्यानं मला पाण्यात बुडवलं तेव्हा मी चर्रकन ओरडले. टोक लागतंय का ते त्यानं स्वतःच्या अंगठ्यावर पाहिलं, रक्ताचा थेंब चाखला आणि म्हणाला, "झाली." त्याच दिवशी एक सडपातळ तरुण मला घेऊन गेला. ते नानाजी. वडिलांचं किराण्याचं लहानसं दुकान होतं, पण या पोराला ठोकचा धंदा करायचा होता.

नानाजींनी मला दोन नियम शिकवले. पहिला, एका जागचा नमुना घ्यायचा नाही. विकणारा गोणीच्या तोंडाशी चांगला माल भरतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून तोंडाशी एकदा, पोटात एकदा आणि बुडाशी एकदा परखी मारायची, तिन्ही मुठी मिसळायच्या, मग दाणा दाताखाली धरायचा. दाणा बाहेरून साबूत दिसतो आणि आत सोंडा किडा मजेत बसलेला असतो, असं कितीदा होतं. दुसरा नियम, परखी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. म्हणून मी दुकानात कधी राहिले नाही. चामड्याच्या खोळीत घालून ते मला रोज नंदनवन वस्तीतल्या घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे.

त्यांचं बाजारात नाव झालं ते ओल्या तुरीमुळे. लग्न नुकतंच झालं होतं. तुरीनं भरलेला एक ट्रक वाटेत पावसात सापडला, ताडपत्री फाटली आणि वरच्या गोण्या निथळत इतवारीत आल्या. सगळ्या बाजारानं नाकं मुरडली. भर बाजारात नानाजी उठले आणि म्हणाले, "पूर्ण माल माझा." लोक म्हणाले, पोराचं डोकं फिरलं. आत तूर खडखडीत कोरडी निघाली. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं बेधडक नाना.

आता खरी गोष्ट ऐका. त्या दिवशी बाजार उघडायच्या आधी, ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपला असताना, नानाजी ट्रकवर चढले होते. एकेका गोणीत त्यांनी मला तीन तीन वेळा खुपसलं. ओल्या तागात मी अडकायचे, ते मनगटाला पीळ देऊन मला बाहेर ओढायचे. माझं टोक बोथट झालं, तरी ते थांबले नाहीत. भर बाजारात जे बेधडक दिसलं, त्याच्या मागे ही सगळी सकाळ होती. पण लोक बेधडक म्हणाले ते नानाजींना आवडलं. तरुण होते. सकाळचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दर दिवाळीला गोष्ट सांगायची ती "मी उठलो आन् म्हटलं, पूर्ण माल माझा" इथूनच. अशी चाळीसेक वर्षं सांगितली. माणसं आपलीच गोष्ट इतक्यांदा सांगतात की न सांगितलेला भाग त्यांच्याही डोक्यातून जातो, हे मी पाहिलंय.

त्यांचा मुलगा पियूष अगदी उलटा. दूध उतू जाईल म्हणून तापायच्या आधीच गॅस बंद करणारा. हिशेबात चोख, मनानं सोन्यासारखा, पण सौदा म्हटला की त्याच्या तळहाताला घाम फुटतो आणि दाणे बोटांना चिकटतात. मला तो हातात घ्यायलाही भ्यायचा.

मग कामिनी आली, हुडकेश्वरची, पियूषची बायको. दुकानात ती आली ती कॉम्प्युटरवर बिलं करायला. पण बिलं करता करता गोणीत हात घालायची खोड तिला लागली. एकदा नानाजींनी माझ्यातून गव्हाची मूठ काढली आणि गंमत म्हणून तिच्या ओंजळीत टाकली. तिनं दाणे चोळले, हुंगले. म्हणाली, "मामाजी, याच्यात दोन जागचा माल मिसळून राहिला. एक यंदाचा आहे, एक मागचा." सासऱ्याला ती मामाजी म्हणते. समोर बसलेला दलाल मारोतराव हसला. नानाजी हसले नाहीत, कारण तिचं बरोबर होतं.

त्यानंतर वर्षभर ते तिला शिकवत होते. आणि एके दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "या खंडेनवमीले पूजा झाली का परखी कामिनीच्या हाती देतो." खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्याकडे काटा, हूक, चाळण्या आणि मी, सगळे हळदकुंकू लावून बसतो. आमच्या दुकानांच्या ओळीत आजवर एकाही बाईच्या हाती परखी गेली नव्हती. कामिनीचा घास हातातच राहिला. नानाजींची बायको प्रयागबाई म्हणाल्या, "जेव वं आता, नाही तं परखी उचलाची ताकद कुठून येईन?"

इथवर सगळं छान होतं. मग नानाजींच्या डोळ्यात मोतीबिंदू आला.

डोळ्यांच्या दवाखान्यात दारावरच्या गार्डानं मला खोळीतून काढलं आणि चाकू म्हणून बाजूला ठेवायला लागला. "धान्याची परखी आहे, बापू. कोनाचा जीव नाही घेत," नानाजी म्हणाले. कामिनीनं त्याला समजावलं आणि मी आत गेले. डोळ्यात थेंब घालून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. मोतीबिंदू साधाच होता. पण डाव्या डोळ्याच्या पडद्यावर त्यांना एक जुना डाग दिसला. रक्त तपासायला सांगितलं.

पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "काका, घाबरू नका. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जीव असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. मांजरीच्या विष्ठेतून मातीत जातो, तिथून न धुतलेल्या भाजीतून किंवा पाण्यातून पोटात. कधी कच्च्या राहिलेल्या मटणातून. जगात कितीतरी लोकांच्या अंगात असतो. तुमच्या अंगात तो बहुतेक लहानपणीच आला, डोळ्यावर डाग ठेवून झोपला."

"कुठं झोपला?"

"स्नायूंत, मेंदूत. बारीक गाठोडी करून पडून राहतो. बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. औषध नको. ऑपरेशन आरामात करू."

नानाजींनी त्यातलं एकच ऐकलं, मेंदूत. त्यांनी विचारलं, "म्हणजे किरायदार म्हणा ना."

"तसंच समजा," बाई हसल्या.

"आन् खाली नाही करत?"

"नाही. पण त्रासही देत नाही."

नानाजी पण हसले. घरी येईपर्यंत ते चांगले होते, हे मी शपथेवर सांगते. घात केला तो पियूषच्या मोबाइलनं. बिचाऱ्यानं काळजीपोटीच वाचायला घेतलं.

"बाबा, उंदराच्या डोक्यात हा घुसला का उंदीर मांजरीले भीतच नाही म्हणते. उलटा तिच्या वासामागं जाते."

"आन् मानूस?"

"मानसाचं पक्कं नाही. कोनी म्हणते गाडी चालवताना ध्यान लवकर जात नाही, धोका घ्यायले मानूस भीत नाही. कोनी म्हणते असं काहीच नाही." तो बोटानं वर सरकवत राहिला. मग कौतुकानं म्हणाला, "हे पाहा बाबा, स्वतःचा धंदा सुरू करनाऱ्या लोकाईत हा जास्त सापडला म्हणते, एका अभ्यासात."

खिशात नानाजींची मूठ माझ्याभोवती आवळली. पियूषला वाटलं बाप खूश होईल. बाप उठून आतल्या खोलीत गेला.

तिथून जे सुरू झालं त्याची मला अजून धास्ती वाटते. त्यांनी आपलं सगळं आयुष्य गोणीसारखं ओतून पाहायला घेतलं. तूर घेतली ती कोणी? वडिलांचं ऐकलं नाही, ठोकच्या धंद्यात पडलो, ते कोणी केलं? प्रयागबाईंना पाहायला गेले होते तेव्हा मामाला न विचारताच होकार दिला होता, तो कोणाचा? स्कूटर घेऊन निघाले की हिरव्या दिव्यालाही थांबायला लागले. मागचे हॉर्न वाजवायचे. शेवटी स्कूटर घरीच ठेवली आणि पियूषच्या मागे बसून यायला लागले.

दुकानात ठुमकी नावाची मांजर होती. धान्याच्या दुकानाला मांजर लागतेच. तिची आई, तिची आजी, सगळ्या आमच्याच गोण्यांवर वाढल्या. नानाजी रोज तिला बशीत दूध द्यायचे. आता ते तिला पाहिलं की भिंतीला टेकून उभे राहायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काका, जे यायचं ते कधीच येऊन गेलं, हात धुवत जा म्हणजे झालं. पण ऐकतं कोण? एका दुपारी ठुमकीला टोपलीत घालून हुडकेश्वरला कामिनीच्या माहेरी पाठवलं. आठवड्याभरात उंदरांनी हरभऱ्याच्या गोण्यांचे कोपरे कुरतडले.

आणि मग ते बोलले. कामिनी बिलं करत होती. नानाजी गादीवर बसून माझी खोळ उघडझाप करत होते.

"कामिनी, नवमीचं राहू दे."

"काहून मामाजी? माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही वं. तो निर्णय मी घेतला का किरायदारानं घेतला, मले समजून नाही राहिलं. एवढ्या वर्षांत ओळीत कोनी असं केलं नाही. मंग मलेच काहून सुचलं?"

कामिनीनं कीबोर्डवरून हात काढले. आवाज चढवला नाही. "म्हणजे माझा हात चांगला आहे म्हणून नाही, तुमच्या डोक्यात किडा आहे म्हणून तुम्ही परखी देऊन राहिले होते?"

नानाजींनी माझी खोळ मिटली. उत्तर मला सुचलं होतं. पण मला विचारतं कोण? कामिनीनं पुन्हा बिलं करायला घेतली आणि त्या दिवशी तिनं एकाही गोणीत हात घातला नाही.

पुढे नानाजींनी हट्टच धरला, घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासायचं. तपासलं. प्रयागबाईंच्या रक्तात काही नव्हतं. कामिनीच्याही नव्हतं. पियूषच्या होतं.

प्रयागबाईंना हसू आवरेना. "हा बेधडक? हा तं झुरळाले पाहून वाट सोडते. घ्या, झालं तुमचं? किड्यानंच हिंमत येत असती तं हा कुठल्या कुठं गेला असता."

मला वाटलं, सुटलो. पण काळजीनं पोखरलेल्या माणसाला दिलासा दाखवला तरी तो त्यातूनही भीतीच काढतो. नानाजी म्हणाले, "मंग त्याचं उलटं झालं असन. माझी भीती खाल्ली, त्याची हिंमत खाल्ली." पियूष ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी दुकानात तो कामिनीला हळूच म्हणाला, "मी असाच आहे का वं? का मले असं केलं कोनी?" कामिनीनं आपल्या चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो चहा तसाच थंड झाला. एकाच्या डोक्यातली शंका आता दोघांच्या डोक्यात बसली होती.

मग कामिनीच सासऱ्याला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई समजूतदार. म्हणाल्या, "काका, हजारो माणसं तपासली तर सरासरीत कुठे थोडा फरक दिसतो. त्यावरही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण त्यावरून तुम्ही एकटे कसे, ते कुणालाच सांगता येत नाही."

परतताना ऑटोत कामिनी म्हणाली, "मामाजी, समजा पूर्ण गोदामात शेकडा दोन दाने जास्त किडके निघाले. तेवढ्यावरून तुमच्या हातातला एक दाना किडका का चांगला, सांगता येईन का?"

"नाही. फोडून पाहा लागते."

"मंग?"

"मंग काय? डोकं कसं फोडू?"

ऑटोवाला आरशातून मागे पाहायला लागला. त्या घटकेला मला त्यांचा राग आला, खरं सांगते. ज्या माणसानं आयुष्यभर एका जागचा नमुना कधी मानला नाही, तो आज रक्ताच्या एका थेंबावर स्वतःची पूर्ण गोणी नापास करत होता. धान्याच्या व्यापाऱ्याशिवाय ही चूक कोण करेल? मुठीवरून गोणी ओळखायची त्यांना इतकी सवय, की आपल्याबद्दलही एक मूठ हाती आली आणि ती त्यांनी खरी धरली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मारोतराव हरभऱ्याचा लॉट घेऊन आला. चांगला माल होता. पहिल्या तीन मुठींतच मला कळलं, नानाजींनाही कळलं असणार, कारण दाणा दाताखाली कट्टकन वाजला. पण ते घेतो म्हणेनात, सोडतो म्हणेनात. त्याच गोणीत त्यांनी मला पुन्हा खुपसलं. मग पुन्हा, आणि परत पुन्हा. तळहातावर मूठ यायची, ते तिच्याकडे पाहायचे आणि टोपलीत टाकून द्यायचे. तागाचे धागे तुटायला लागले.

"नानाजी, गोनीची चाळणी करून राहिले का?" मारोतराव म्हणाला.

एवढ्यात गोणी उसवली आणि हरभरा जमिनीवर पसरला. कामिनी उठली, पुढे आली आणि थबकली. तिला माल कळला होता. पण तिनं सासऱ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मारोतरावानं माल उचलला आणि शेजारच्या दुकानात नेला. नानाजी पसरलेल्या हरभऱ्यात उभे होते. माझ्या नाकासमोर त्यांचा चेहरा होता, आणि असा भ्यालेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला पुसलं, खोळीत घातलं आणि पियूषला म्हणाले, "उद्या पूजेत परखी मांडाची नाही. माल पाहाले बाहेरचा मानूस ठेवू."

मी मनात म्हटलं, संपलं. नानाजीही संपले आणि कामिनीचंही गेलं.

घरी प्रयागबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. किरायदार कळल्यापासून त्यांना भाजी तीन पाण्यांतून काढावी लागायची, त्यामुळे त्या आधीच वैतागलेल्या. नानाजी मला कपाटात ठेवायला निघाले होते. मधेच दारात थांबले.

"प्रयाग, एक विचारू? आयुष्यात मी जे काही केलं, ते मीच केलं का वं?"

प्रयागबाईंनी वर पाहिलं. "आता हे काय नवीन?"

"नाही, ते तुरीचं. एवढी ओली तूर. मी उठलो आन् म्हटलं पूर्ण माल माझा. डोकं ठिकाणावर असलेला मानूस असं म्हणन का?"

"बसा," प्रयागबाई म्हणाल्या. ते बसले. "हात द्या. उजवा." त्यांनी मेथीच्या हातानंच त्यांचं मनगट धरून वळवलं. ते एका मर्यादेपुढे वळेना. "हे काहून वळत नाही?"

"गोन्या उचलून."

"गोन्या हमाल उचलत होते. तुरीच्या दिवशी तुम्ही घरी आले तवा हे मनगट असं सुजलं होतं का भाकर तोडता येत नव्हती. मी नवी नवरी. मले वाटलं मारामारी करून आले. मी हळद-चुना गरम करून बांधला. तुम्ही म्हटलं, कोनाले सांगू नको, पूर्ण ट्रक पाहिला परखी मारू मारू. विसरले?"

नानाजी मनगटाकडे पाहत राहिले.

"पंधरवडाभर मी तुम्हाले भरवलं. सासूबाई कशा पाहत होत्या माह्याकडे, ते मीच नाही विसरली. आन् तुम्ही दर दिवाळीले सांगता, उठलो आन् म्हटलं. मी आयकून घेते, म्हटलं मानसाले आवडते तं सांगू दे." त्यांनी मेथीची काडी मोडली. "किरायदार असन डोक्यात. नाही कोन म्हणते? पन मनगट तुमचं सुजलं. त्याचं नाही सुजलं."

डाव्या हातानं उजवं मनगट धरून नानाजी तसेच बसून राहिले, आणि प्रयागबाईंनी पुन्हा मेथी निवडायला घेतली. मला मात्र नानाजींनी कपाटात ठेवलंच. कपाटाचं दार लागलं तेव्हा मी काही सुटकेचा श्वास वगैरे टाकला नाही. एवढ्या महिन्यांत मी शिकले होते की या माणसाचं रात्रीत काहीही उलटं होऊ शकतं.

सकाळी दार उघडलं.

दुकानात काटा, हूक आणि चाळण्या लाल फडक्यावर मांडलेल्या होत्या. झेंडूची फुलं वाहून झाली होती. नानाजींनी मला मधोमध ठेवलं, हळदकुंकू लावलं. पियूष, प्रयागबाई आणि प्रसादाला आलेला मारोतराव बाजूला उभे होते. मग त्यांनी मला उचललं आणि कामिनीपुढे धरलं.

"हे मी देऊन राहिलो का किरायदार देऊन राहिला, मले अजूनही मालूम नाही. मालूम होनारही नाही. पन तू घे."

कामिनीनं हात पुढे केला नाही. "मामाजी, माझा हात चांगला आहे म्हणून देता का?"

मारोतरावानं घसा खाकरला. नानाजींनी क्षणभर डोळे मिटले.

"हाव. हात चांगला आहे म्हणून."

तेव्हा तिनं मला घेतलं. "आन् माझा सौदा चुकला तर?"

"चुकला तर आपला म्हणजो. बरोबर आला तरी आपलाच म्हणजो. माझे का कमी चुकले?" मग मुलाकडे वळून म्हणाले, "पियूष, तुलेही सांगून राहिलो. भेतो तर भेतो. ते तुझंच आहे. कोनाच्या नावावर टाकू नको." पियूषनं मान हलवली आणि प्रसादाची ताटली उगाचच दोन्ही हातांनी सरळ केली.

आता मी कामिनीच्या पर्समध्ये राहते, मोबाइल आणि कंगव्याच्या शेजारी. वास चांगला येतो, तेवढी एक सोय झाली. नानाजींचं ऑपरेशन झालं. ते गादीवर बसतात आणि लांबूनही दाणा ओळखतात. ठुमकी परत आली. ते तिला बशीत दूध देतात आणि नंतर साबणानं हात धुतात. सगळं ठीक झालं, असं काही मी म्हणणार नाही. अजूनही मधेच ते बोलता बोलता थांबतात, हात कपाळाकडे जातो आणि आत कुणी बोलतंय का ते ऐकत असल्यासारखे बसून राहतात. मला तेव्हा फार काळजी वाटते. मग गिऱ्हाईक येतं आणि ते उठतात.

तुम्हाला एकच सांगते. कुणाबद्दल, अगदी स्वतःबद्दलही, मूठभर काही हाती आलं तर तेवढ्यावर निकाल देऊ नका. मी जन्मभर मुठीच काढल्या, म्हणून मुठीची लायकी मला माहीत आहे. तोंडाशी पाहा, पोटात पाहा, बुडाशी पाहा. तरी आतला एखादा किडा राहतोच. राहू द्या.

काल सोयाबीनचा मोठा लॉट आला. वरच्या गोण्यांना दमट वास होता, आणि शेजारचे व्यापारी नाक मुरडून निघून गेले. कामिनी जेवायलाही उठली नाही. एकेका गोणीत तिनं मला तीनदा खुपसलं, शेवटच्या गोणीपर्यंत, आणि मग लॉट घेतला. माल कसा निघेल ते अजून कळायचं आहे, मी धास्तावलेलीच आहे. घरी गेल्यावर ती ओट्याशी उभी राहून उजवं मनगट चोळत होती. प्रयागबाईंनी तिला काही विचारलं नाही. गॅस पेटवला आणि हळद-चुना गरम करायला ठेवला.